पाणी निवळवणारी भूक

घरात समुद्राचं पाणी ठेवून त्यात जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्यांकडे नायट्रेट उतरवायचा एक उपाय आहे, आणि तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. टाकीत वोडका घालायची. वोडका नको असेल तर पांढरं व्हिनेगर, कधी साखर. शंभर लिटर पाण्याला वोडकाचे दोन थेंब, म्हणजे जेमतेम एक दशांश मिलिलिटर, एवढ्यापासून सुरुवात करायची आणि मग दर आठवड्याला किंचित वाढवत न्यायचं. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही. मग चाचणीच्या नळीतला लालसर रंग फिका पडायला लागतो. तपकिरी पडलेल्या प्रवाळांतून हिरवा, जांभळा, निळा असे रंग वर येऊ लागतात. जे पाणी आधीच विरघळलेल्या घाणीने जड झालंय, त्यात आणखी काहीतरी ओतल्यावर ते हलकं कसं होतं?

उत्तर शोधायला आधी नायट्रेट येतं कुठून ते पाहायला हवं. ते येतं माशांच्या खाण्यातून. कोरड्या खाद्यात साधारण निम्मी प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्र असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ऐंशी मिलिग्रॅम नत्र. मासे ते खातात आणि त्यातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. त्या ऐंशी मिलिग्रॅमचं पुरतं नायट्रेट झालं तर ते साडेतीनशे मिलिग्रॅम भरतं. शंभर लिटरच्या टाकीत एका ग्रॅमच्या चिमटीमागे लिटरला साडेतीन मिलिग्रॅम! खऱ्याखुऱ्या प्रवाळबेटाभोवतीच्या पाण्यात हा आकडा बहुधा 0.1 मिलिग्रॅमच्याही खाली असतो.

अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू काय खाऊन जगतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास झ्युरिकमध्ये उलगडलं. या जीवाणूंना सेंद्रिय अन्न लागतच नाही. अमोनियाच्या ज्वलनातून ते ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला लागणारा कर्ब पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. ऊन नाही, साखर नाही, तरी त्यांचं चालू. म्हणून कुठल्याही टाकीत नायट्रेट बनवणारे कारागीर आपोआप येतात आणि कधी थकत नाहीत. नायट्रेट खाऊन संपवणारेही पाण्यात असतातच, अब्जांनी असतात. पण त्यांचं शरीर आयत्या सेंद्रिय कर्बावर चालतं, आणि पचायला सोपा असा कर्ब त्या पाण्यात फार थोडा असतो. नत्राचं ताट वाढलेलं, पण कर्बावाचून एक घासही घेता येत नाही, अशी त्यांची अवस्था असते. नायट्रेट साचतं ते खाणारा नाही म्हणून नव्हे. खाणाऱ्याला जोडीचं अन्न नाही म्हणून.

हे गणित महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला उलट्या बाजूने ठाऊक आहे. तोडणीनंतर शेतात पाचट राहतं. ते जाळण्याऐवजी सरीत कुजवायचं असेल तर त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायला कृषी विद्यापीठं सांगतात. कारण पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र नगण्य, त्यांचं गुणोत्तर शंभराच्या घरात असतं. नुसतं पाचट मातीत गेलं की ते खाणारे जीवाणू आपली नत्राची गरज मातीतून ओढून भागवतात आणि खोडवा पिवळा पडतो. शेतात कर्ब जास्त, म्हणून वरून नत्र द्यायचा. टाकीत नत्र जास्त, म्हणून वरून कर्ब. खोडव्याला पिवळं करणारी तीच ओढ टाकीवाला मुद्दाम बोलावतो, इतकाच फरक.

ही ओढ किती असते याचा अंदाज बांधता येतो, आणि मला या विषयातला सर्वांत थक्क करणारा भाग तोच वाटतो. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी 1934 मध्ये दाखवलं, की समुद्रातल्या सूक्ष्म तरंगत्या जीवांच्या शरीरात नत्र आणि स्फुरद ज्या प्रमाणात असतात, त्याच प्रमाणात ते समुद्राच्या पाण्यातही आढळतात. अथांग समुद्र आणि डोळ्यांना न दिसणारे जीव यांचा हिशेब एकाच वहीतला! पुढे हे प्रमाण कर्बाच्या 106 अणूंमागे नत्राचे 16 आणि स्फुरदाचा 1 असं स्थिरावलं. जीवाणूंची शरीरं याहून थोडी नत्रसंपन्न असतात, तरी ढोबळ हिशेबाला हे आकडे पुरतात.

शंभर लिटरची टाकी आहे आणि तिच्यातलं नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमने खाली आणायचंय असं धरू. एकूण नायट्रेट झालं एक ग्रॅम, त्यात नत्र 0.226 ग्रॅम. रेडफिल्डच्या प्रमाणात एवढा नत्र शरीरात बांधायला सुमारे 1.28 ग्रॅम कर्ब हवा. चाळीस टक्के मद्यार्क असलेल्या वोडकाच्या एका मिलिलिटरमध्ये कर्ब असतो 0.165 ग्रॅम, म्हणजे जवळपास आठ मिलिलिटर वोडका. शिवाय जीवाणू मिळालेल्या कर्बाचा मोठा वाटा नुसता श्वासात जाळून टाकतात, तेव्हा दुप्पट धरली तर पंधरा-सोळा मिलिलिटर. एवढी मात्रा कित्येक आठवड्यांवर पसरून दिलेली. पाच टक्क्यांचं व्हिनेगर वापरलं तर त्याच कर्बासाठी आठपट मोजावं लागतं. व्हिनेगर आम्ल असल्याने पाण्याचा सामू थोडा खाली ओढतं. म्हणून काहीजण ते चुन्याच्या निवळीत मिसळून देतात. प्रवाळांना सांगाड्यासाठी कॅल्शियम हवंच असतं, आणि व्हिनेगरमुळे त्या पाण्यात जास्त चुना विरघळतो. एका द्रावणात दोन गरजा भागतात.

मग तो नत्र जातो कुठे? काही वाटा जीवाणूंच्या शरीरात बंद होतो. टाकीला जोडलेल्या स्किमरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे पाण्यातून वर चढतात, त्यांना जीवाणू आणि सेंद्रिय कण चिकटतात आणि तपकिरी फेस वरच्या कपात गोळा होतो. तो कप सिंकमध्ये रिकामा केला की नायट्रेट टाकीबाहेर गेलं. काही जीवाणू प्रवाळांच्या आणि स्पंजांच्या पोटात जातात. आणि तिसरी वाट खडकांच्या पोटातून जाते. सच्छिद्र खडकात थोडं आत गेलं की प्राणवायू संपतो. तिथले जीवाणू नायट्रेटमधल्या प्राणवायूवर श्वास घेतात आणि उरलेला नत्र वायुरूपात सोडतात. तो बुडबुडा होऊन हवेत मिसळतो, आणि हवा तर मुळात चार पंचमांश नायट्रोजनच आहे. या वाटेला कर्ब बराच कमी लागतो. वॉशिंग्टन शहराचं सांडपाणी पोटोमॅक नदीत सोडण्यापूर्वी ब्लू प्लेन्स केंद्रात त्यात मिथेनॉल घालतात ते याच जीवाणूंसाठी. घरातली काचेची टाकी आणि राजधानीचं सांडपाणी केंद्र एकाच जातीच्या भुकेवर चालतात.

आपल्याकडे कोळंबी आणि मासे वाढवणारे बायोफ्लॉक पद्धतीत गूळ किंवा मळी टाकतात, त्यामागेही हाच विचार आहे. तो व्यवस्थित मांडला इस्रायलच्या योराम अव्हनिमेलेख यांनी 1999 मध्ये. तिथे मात्र अमोनिया जीवाणूंच्या शरीरात गेला की ते जीवाणूच माशांचं खाद्य होतात.

प्रवाळांना एवढ्याशा नायट्रेटने काय होतं, असं वाटू शकेल. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात साखर बनवून आपल्या यजमानाला देतं. पाण्यात नत्र मुबलक झाला की हे शैवाल भराभर वाढतं, तपकिरी रंग गडद होतो आणि प्रवाळाचे स्वतःचे रंग झाकले जातात. नायट्रेट उतरलं की ते रंग पुन्हा दिसू लागतात, असं आपण आधी पाहिलं ते याच कारणाने.

पण भूक जागवायची म्हणजे तिला आवरताही यायला हवं, आणि इथे थोडं थांबून वाचावं अशी माझी विनंती आहे. एकदम जास्त कर्ब दिला तर जीवाणू स्फोटासारखे वाढतात. पाणी दुधाळ होतं आणि तेवढे सगळे जीव श्वास घेऊ लागल्यावर प्राणवायू झपाट्याने घटतो. रात्री शैवाल प्राणवायू बनवत नाही, तेव्हा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. आणखी एक धोका संशोधकांनी मोजून दाखवला आहे. 2006 मध्ये डेव्हिड क्लाइन, फॉरेस्ट रोहवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांना पाण्यातून साध्या शर्करा दिल्या. प्रवाळांच्या अंगावरच्या लेपात राहणारे जीवाणू कैक पटीने वेगाने वाढले आणि प्रवाळ मेले. म्हणून टाकीत साखर वापरताना फार जपावं लागतं, आणि अनुभवी लोक व्हिनेगरकडे वळतात. एका अर्थी जो कर्ब पाणी निवळवतो तोच मात्रा चुकली तर विष ठरतो.

स्फुरद संपला तरी काम अडतं. नायट्रेट अजून बरंच आहे, पण फॉस्फेट शून्यावर गेलंय, अशा पाण्यात कितीही व्हिनेगर घाला, जीवाणूंना नवं शरीर बांधता येत नाही. प्रवाळाच्या आतल्या शैवालालाही ही तूट सोसवत नाही. साउदॅम्प्टनच्या यॉर्ग वीडनमान यांच्या गटाने दाखवलं, की नत्र जास्त आणि स्फुरद कमी असलेल्या पाण्यात प्रवाळ उष्णता आणि प्रखर प्रकाशाने लवकर पांढरे पडतात. तेव्हा दोन्ही आकडे रोज नाही तरी नियमित मोजत राहणं या कामाचा अर्धा भाग आहे. नायट्रेट खाली येऊ लागलं की मात्रा वाढवणं थांबवायचं, आणि पुरतं उतरलं की साधारण निम्मी करायची. दोन्ही शून्यावर नेऊन ठेवणं हेही चांगलं नाही.

प्रवाळबेटावर कुणी व्हिनेगर ओतत नाही. तरी तिथलं पाणी इतकं निर्मळ की डार्विनच्या काळापासून लोक कोड्यात पडले, एवढ्या रित्या पाण्यात इतकी जीवसृष्टी जगते कशी? त्याचं एक उत्तर 2004 मध्ये ख्रिश्चन विल्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन बेटावर शोधलं. प्रवाळ आपल्या अंगातून श्लेष्मा सोडतात, प्रवाळबेटाच्या एका चौरस मीटरमागे दिवसाला पावणेपाच लिटरपर्यंत. त्यातला निम्म्याहून अधिक भाग पाण्यात विरघळतो आणि जीवाणूंचं अन्न होतो. शैवालाने उन्हातून बनवलेल्या साखरेचा मोठा हिस्सा प्रवाळ असा पाण्यात वाटून टाकतो. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांना कर्ब पुरवायचं काम तो स्वतःच करतो, आणि कुणी शिकवण्याच्या कितीतरी आधीपासून.

या साखळीतला आणखी एक दुवा 2013 मध्ये यास्पर द हुए आणि त्यांच्या गटाने क्युरसाओ बेटाजवळ टिपला. कपारींत राहणारे स्पंज विरघळलेला कर्ब थेट शोषतात, त्यातून झपाट्याने नव्या पेशी बनवतात आणि जुन्या पेशी बाहेर टाकतात. तो गाळ खेकडे, गोगलगाई, किडे खातात. पाण्यात विरघळून कुणाच्या हाती न लागणारं अन्न स्पंज असं घासाच्या आकारात परत आणतात. व्हिनेगर घालायला सुरुवात केलेल्या टाक्यांमध्येही काही महिन्यांनी दिव्याचा उजेड न पोचणाऱ्या नळ्यांत आणि खडकांच्या खालच्या बाजूला पांढरे-पिवळे स्पंज वाढलेले सापडतात. ते कुणी आणून लावलेले नसतात. खडकाबरोबर आलेले असतात आणि कर्ब मिळायची वाट पाहत तिथेच थांबलेले असतात.