उघडलंच आहे तर

सकाळचे साडेदहा. सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली भाच्याची गाडी उभी आहे. मिस्त्री तिच्याकडे बघतसुद्धा नाहीये. तोंड रस्त्याकडे, कान गाडीकडे.

"हँडब्रेक ओढ. ब्रेकवर पाय ठेव. तिसरा टाक. आता सोड क्लच."

भाचा क्लच सोडतो. खरं तर इंजिनाने आचका देऊन बंद पडायला हवं. ते जरासं कण्हतं आणि चालूच राहतं. खालून चिंधी जळल्यासारखा वास येतो.

"बंद कर. प्लेट गेली."

"मामा, घाटात हेच होत होतं," भाचा मला म्हणतो. परवा खंबाटकीत इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी मात्र जागची हलायला तयार नव्हती. तेव्हा याने पेट्रोलात भेसळ असणार असं ठरवून टाकलं होतं.

गाडी २०१० सालची, पेट्रोलवरची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; पंधरा वर्षं उलटल्यावर कंपनीपेक्षा मधल्या मालकांची करणी जास्त असते. भाचा तिसरा मालक, ९५ हजारांना घेतलीय. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. मिस्त्री वाकून क्लचच्या पेडलवरून अंगठा फिरवतो. रबराच्या रेघा पार गेल्यात, चपलेच्या जुन्या तळासारखं गुळगुळीत झालंय.

"मीटर बोलतंय बासष्ट. हे बोलतंय दीड लाख."

भाचा गप्प. गाडी घेताना त्याने रंग बघितला होता, एसी बघितला होता, गाणी वाजवून बघितली होती. पेडल कोण बघतं?

रेडिएटरचं झाकण मिस्त्रीने आधीच, इंजिन गार असताना, उघडून ठेवलंय. आतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. कुणीतरी वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलंय, आतून गंज धरलाय. मग तो इंजिन ऑइलचं झाकण काढून उलटं करतो आणि उजेडात धरतो. या झाकणाच्या पोटात दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलात उतरलंय असा संशय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट. हेड उतरवायचं, मशीनवर घासून घ्यायचं, खर्च पाच आकड्यांत. मी श्वास धरून उभा आहे. झाकण काळं, स्वच्छ.

"हेड शाबूत आहे," मिस्त्री म्हणतो. भाच्याला यात आनंद मानण्यासारखं काय आहे ते कळत नाही. मला कळतं.

दुपारी दोनपर्यंत गिअरबॉक्स खाली आलाय. त्यासाठी आधी दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढावे लागलेत, गिअर ऑइल काढावं लागलंय, बॅटरी बाजूला गेलीय. म्हणजे बिघडलेला भाग बशीएवढा आणि त्याच्यापर्यंत पोचायला अर्धी गाडी सोडवायची. क्लचसेट ४,२०० रुपये, मजुरी २,५००. भाचा मजुरीच्या आकड्यावर अडतो. मिस्त्री वाद घालत नाही, जुनी प्लेट त्याच्या हातात ठेवतो. अस्तर इतकं झिजलंय की रिव्हेटांची डोकी उघडी पडलीत आणि चकचकतायत. फ्लायव्हीलवर निळे डाग, तापून तापून पडलेले.

"आणि हे बघ." टॉर्चचा झोत फ्लायव्हीलच्या मागे जातो. क्रँकच्या मागच्या सीलखाली ऑइलचा ओला, काळा ओघळ. "सील दोनशेचं. आज नाही टाकलं तर हे ऑइल नव्या प्लेटवर येणार. मग परत गिअरबॉक्स उतरव, परत मजुरी दे. उघडलंच आहे तर..."

जुनी गाडी पाळणाऱ्याचं पाकीट याच तीन शब्दांनी हलकं होतं. उघडलंच आहे तर सील. ड्राइव्ह शाफ्ट बाहेर आहेतच, तर फाटलेले रबरी बूट. दोन्हींचे मिळून ७००. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, चिखल आत शिरतो आणि काही महिन्यांत वळणावर चाकातून टकटक ऐकू येते. तेव्हा अख्खा जॉइंटच बदलायचा. यातलं एकही वाक्य खोटं नसतं, हीच पंचाईत.

भाचा मोबाइलवर बेरीज करतोय. शिवाय पासिंगचे दिवस जवळ आलेत. पंधरा वर्षांच्या गाडीची फेरनोंदणी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झालीय, तेही तो मांडतो. आणि मग उदार होऊन म्हणतो, "मिस्त्री, पुढचे शॉकअपपण टाका. उघडलंच आहे तर."

मिस्त्री उठतो. भाच्याच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीचा बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडतो. कोपरा एकदा वर येऊन थांबतो. "तुझी दोनदा हलते. गेलेत, पण मेले नाहीत. आणि त्यांना गिअरबॉक्सचं काय घेणं? चाक काढलं की निघतात. पुढच्या महिन्यात ये. मजुरी तेव्हाही तेवढीच."

साडेचार हजार वाचले. भाच्याचा चेहरा असा खुलतो की जणू कुणी ते हातात ठेवलेत.

सील आणायला गेलेला पोरगा नाना पेठेतून भिजत परत येतो. मिस्त्री सीलच्या ओठावर बोटाने ऑइल लावतो, ते जागेवर टेकवतो, वर जुनंच सील ठेवतो आणि हातोडीने हलके ठोके देतो. एकदा वर, एकदा खाली, एकदा डावीकडे. मध्येच थांबून कडेवरून नख फिरवतो, सगळीकडे सारखं बसलंय का बघायला. बाहेर पावसाने चांगलाच जोर धरलाय, शेडमध्ये अंधारून आलंय.

"मामा, जरा बॅटरी धरा. इकडे नाही. खाली, खाली."