उष्णतामान-स्विच आणि त्याचा नियत अंश

तापमापक आणि उष्णतामान-स्विच या दोन साधनांत पुष्कळदा गल्लत केली जाते. टाकीचे किंवा बेअरिंगचे उष्णतामान किती आहे, हे तापमापक सांगतो. ठरविलेला अंश ओलांडला गेला किंवा नाही, एवढेच स्विच सांगतो. त्याच्या भाषेत होय आणि नाही असे दोनच शब्द आहेत. परंतु या दोन शब्दांवर पंप थांबतो, भट्टीचे इंधन तुटते, घंटा वाजते.

रचना साधी आहे. पितळ आणि इन्व्हार यांच्या पट्ट्या एकमेकींस जोडलेल्या असतात. इन्व्हारचे प्रसरण पितळेच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतकेच असल्यामुळे जोडपट्टी तापताच वाकते व विद्युत्-जोड तोडते. यंत्र दूर असल्यास द्रवाने वा बाष्पाने भरलेली धातूची कुपी त्यात बसवितात आणि तीमधील वाढता दाब केशनलिकेच्या द्वारे स्विचपर्यंत पोचवितात. या दुसऱ्या प्रकारात एक धोका दडलेला आहे. नलिकेस भोक पडले तर दाब नाहीसा होतो, आणि यंत्र कितीही तापले तरी ते थंड असल्याचेच स्विच सांगत राहतो. तारेच्या बाबतीत मात्र उपाय सोपा आहे: सुस्थितीत वीज वाहत ठेवावी आणि ती खंडित होणे हीच धोक्याची खूण मानावी, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते. शिवाय, उष्णतामानाचे नियंत्रण करणारा स्विच आणि संरक्षण करणारा स्विच हे निरनिराळे असावेत, हे उघडच आहे. बिघडलेल्या पहारेकऱ्यावर त्यालाच कसे नेमावे?

खरा विचार लागतो तो नियत अंश ठरविताना. नित्याचे उष्णतामान आणि धोक्याचे उष्णतामान यांच्या मध्ये तो असा असावा की, नित्याच्या चढउतारांनी स्विच हालू नये आणि संकटाच्या वेळी उपाययोजनेस अवधी मिळावा. भेदावाचून चिन्हास अर्थ नाही, हे भाषाशास्त्राचे तत्त्व येथेही लागू पडते. नित्याची स्थितीच नियत अंशाच्या पलीकडे गेली, तर इशारा निरर्थक होतो.

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात हेच घडले. मिथिल आयसोसायनेट 0 ते 5 अंश सेल्सियस इतके थंड ठेवावे आणि 11 अंशांवर इशारा मिळावा, अशी मूळ योजना होती. परंतु 1984च्या मध्यापासून शीतकरण-यंत्रणा बंद होती, आणि टाकीतील द्रव 15 ते 20 अंशांवर राहू लागला होता. अशा स्थितीत 11 अंशांचा इशारा चालू ठेवावा तर तो अहोरात्र मिळणार, आणि बंद करावा तर केव्हाच मिळणार नाही. 2 डिसेंबर 1984च्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत, सुमारे 40 टन द्रवात पाणी शिरले. त्यातून उष्णता देणारी प्रक्रिया सुरू झाली. परंतु वाढत्या उष्णतामानाची पहिली वार्ता जिच्याकडून यावयाची, ती व्यवस्था आधीच मुकी झाली होती. बाहेर पडलेल्या वायूने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हा द्रव सुमारे 39 अंशांवर उकळतो. त्या टाकीच्या तापमापकाची मोजपट्टी 25 अंशांवर संपत होती.