खुर्चीतून खोगिरात

"घोड्यावर बसायला काय लागतं? पळतो घोडा, आपण नुसतं बसायचं!" मी रविवारी रायडिंगला जाते हे कळलं की हॉस्टेलमधल्या निम्म्या जणी हेच म्हणतात. आणि बसण्याची प्रॅक्टिस तर आपल्याला भरपूर आहे! सकाळी लेक्चर, दुपारी ड्रॉइंग हॉल, रात्री सबमिशनसाठी कॉम्प्युटर. पुढे नोकरी लागली की आठ-नऊ तास खुर्ची आहेच. ऑफिसमधल्या स्टाफला हे वेगळं सांगायला नको.

पण गंमत अशी की खुर्चीतलं बसणं आणि खोगिरातलं बसणं ही अगदी उलटी कामं आहेत.

खुर्चीत पाठीला टेकू असतो. खोगिरात तो नसतो. तिथे खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवी, टाच खाली आणि गुडघा सैल. घोडा दुडक्या चालीने निघाला की पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा, असे तिरके पाय जोडीने टाकतो. प्रत्येक जोडीला त्याची पाठ उसळते. तो हादरा स्वाराने घोटा, गुडघा आणि कंबर यांत जिरवायचा असतो. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत, आपण स्प्रिंग आणि डॅम्पर दोन्ही व्हायचं! याला मराठीत छान शब्द आहे – मांड. रिकीब, खोगीर, मांड हे शब्द मला मैदानावर गेल्यावरच कळले.

आता खुर्ची काय करते ते बघा. कमरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू तासन् तास आखडलेल्या स्थितीत राहतो. नितंबाच्या आणि पोटाच्या स्नायूंना कामच नसतं, म्हणून ते ढिले पडतात. मॉनिटरकडे बघत खांदे पुढे झुकतात. असं शरीर घेऊन खोगिरात बसलं की गुडघे वर येतात, स्वार पुढे वाकतो, आणि तोल जायला लागला की लगामाला लटकतो.

त्याची किंमत घोडा मोजतो. लगाम ओढला की लोखंडी कडी त्याच्या तोंडात रुतते. दुडक्या चालीत पाठीवर येणारा जोर क्षणभर स्वाराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो. पण ६० किलोचा स्वारही धपाधप आदळत असेल तर त्या पाठीला त्रासच. आपली पाठ दुखली तर आपण मूव्ह लावतो. घोडा कोणाला सांगणार?

म्हणून आठवड्यातली एक तासाची रपेट हा पुरेसा व्यायाम नव्हे. उलट, रपेटीसाठी बाकीचे सहा दिवस जमिनीवर तयारी लागते. त्याला जिमची फी लागत नाही.

१) सूर्यनमस्कार : त्यात एक पाय मागे नेऊन छाती वर उचलतो, त्या स्थितीचं नावच अश्वसंचालनासन! खुर्चीने आखडलेला जांघेतला स्नायू इथे नेमका ताणला जातो. घाई न करता तिथे चार-पाच श्वास थांबा.
२) सेतुबंधासन आणि प्लँक : नितंब, पाठ आणि पोट यांना कामाला लावण्यासाठी.
३) जिन्याची पायरी : चवड्यांवर उभं राहून टाचा हळू खाली सोडा. कठड्याला हात असू द्या. रिकिबीत टाच खाली राहते ती यामुळे.
४) एका पायावर तोल : दात घासताना करा, वेगळा वेळ लागत नाही.
५) दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवा.

गुडघे किंवा पाठ आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. आणखी दोन गोष्टी. हेल्मेटशिवाय घोड्यावर बसायचं नाही, फोटोपुरतंसुद्धा नाही. आणि तबेल्यातल्या मातीत, लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा इंजेक्शनला दहा वर्षं होऊन गेली नाहीत ना ते बघा.

"नोकरी लागल्यावर कुठलं जमतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी जपानचे हिरोशी होकेत्सु. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते घोड्यावरून उतरले होते. मग त्यांनी कंपनीत नोकरी केली, पण घोडा सोडला नाही. २००८ मध्ये बीजिंगला आणि २०१२ मध्ये लंडनला ते पुन्हा ऑलिंपिकमध्ये होते. लंडनला त्यांचं वय होतं ७१!

आपल्याला ऑलिंपिकला जायचं नसेलही. पण माथेरानला तासभर घोड्यावर बसायचं तरी, आपण त्याला ओझं न वाटता बसलो पाहिजे. तर मंडळी, हा लेख वाचून झाला असेल तर आधी खुर्चीतून उठा बघू!