दखल आणि मनःस्वास्थ्य

एखादा विद्यार्थी गाव सोडून विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावयास येतो. खोली मिळते, नाव पटावर चढते, तास सुरू होतात. पुढे तो चार दिवस तापाने अंथरुणास खिळतो. पाचव्या दिवशी तो वर्गात येतो, तेव्हा ‘कोठे होतास?’ एवढेही कोणी विचारीत नाही. त्याचा अपमान कोणीच केलेला नसतो. तरीही त्याचे मन दुखावते. आपण कोणाच्या खिजगणतीतच नाही, हे ते दुःख होय.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी क्लेअर मॅककलो यांनी १९८१ मध्ये या जाणिवेची शास्त्रीय मांडणी केली. आपण दुसऱ्याच्या लेखी कोणीतरी आहोत, असे मनुष्यास केव्हा वाटते? प्रथम, कोणी आपणांकडे लक्ष देते तेव्हा. दुसरे, आपल्या सुखदुःखाची कोणास पर्वा असते तेव्हा. आणि तिसरे, कोणी आपणांवर विसंबून असते तेव्हा. आईवडिलांच्या लेखी आपणांस फारसे महत्त्व नाही असे ज्या किशोरवयीन मुलांस वाटत होते, त्यांच्यांत खिन्नता अधिक व आत्मसन्मान कमी आढळला. पुढे १९८९ मध्ये नॅन्सी श्लॉसबर्ग यांनी हा विचार महाविद्यालयीन जीवनास लावला आणि आपल्या श्रमांची कदर होणे हाही एक घटक त्यात जोडला. नव्या भूमिकेत शिरणारा मनुष्य काही काळ स्वतःस कडेला पडलेला समजतो, हे त्यांचे निरीक्षण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास तंतोतंत लागू पडते.

आपलेपणाची भावना हा याच्याशी निगडित विषय. ग्रेगरी वॉल्टन व जेफ्री कोहेन यांचा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आपण येथे परके आहोत ही शंका बहुतेकांस प्रारंभी येते व कालांतराने ओसरते’, हे नव्या विद्यार्थ्यांस सुमारे तासाभरात पटवून देण्यात आले. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले. गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत निम्म्यावर आली.

मग केवळ समजुतीचे शब्द पुरेसे आहेत काय? नाहीत. २०२३ मध्ये २२ शिक्षणसंस्थांतील २६,९११ विद्यार्थ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मागे पडत आलेल्या गटांना या उपायाचा लाभ झाला, परंतु तो जेथे संस्थेत आपलेसे होण्याची खरीखुरी संधी होती तेथेच. बीज उत्तम असले, तरी जमीनही कसदार हवी!

हे कसदारपण फार खर्चाने येते असे नाही. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यास नावाने हाक मारावी, गैरहजेरीची आस्थेने चौकशी करावी, उत्तरपत्रिकेवर गुणांसोबत दोन शब्द लिहावेत. वडील विद्यार्थ्यांनी नवागतास पंगतीत जागा करून द्यावी. परंतु विचारपूस ही अर्धीच बाजू झाली. मानसशास्त्रज्ञ आयझॅक प्रिलेलटेन्स्की यांच्या मते, आपली किंमत दुसऱ्यास वाटणे आणि आपणही दुसऱ्यांच्या जीवनात भर घालणे, या दोहोंनी ही जाणीव पूर्ण होते. म्हणून ग्रंथालयाची मांडणी असो वा स्नेहसंमेलनाची तयारी, विद्यार्थ्यावर खरी जबाबदारी सोपवावी.

अर्थात, ही जाणीव म्हणजे औषधोपचारास पर्याय नव्हे. खिन्नता दीर्घकाळ टिकल्यास अथवा जीव नकोसा वाटू लागल्यास तज्ज्ञांचे साहाय्य विनासंकोच घ्यावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे. परंतु तेथवर जाण्याचे धैर्य पुष्कळदा एका साध्या प्रश्नाने येते: ‘चार दिवस दिसला नाहीस, बरा आहेस ना?’