आधी ओठ, मग सूर

जानेवारी 2025 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले ऐकून आलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: मागच्या स्टँडमधून पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलताना दिसतात, सूर नंतर येतो. एवढी महागडी यंत्रणा, मग असं का?

दोष हवेचा आहे. तिच्यातून ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. मंचापासून 100 मीटरवर पोचायला 290 मिलिसेकंद. लांबलचक दिंडीत पुढचा मृदंग आणि मागचे टाळ जुळत नाहीत, तसंच. मध्ये जादा स्पीकर उभारावेत, तर मागच्यांना तोच शब्द दोनदा ऐकू येणार: आधी जवळच्या स्पीकरमधून, मग मंचावरून. म्हणून साउंडवाले या 'डिले टॉवर'चा आवाज मुद्दाम रोखून धरतात: मंचापासून 60 मीटरवर सुमारे 174 मिलिसेकंद, वर आणखी दहा-पंधरा. या वरच्या दहा-पंधरातच गंमत आहे. मंचावरचा आवाज किंचित आधी पोचला, की सगळं मंचावरूनच येतंय असं कान धरून चालतो. टॉवर मोठ्याने वाजत असला तरी!

याला 'हास परिणाम' म्हणतात, हेल्मुट हास या जर्मन संशोधकाच्या नावावरून. त्याचं काम 1949 चं. पण त्याच्या शंभरएक वर्षं आधी जोसेफ हेन्री (हो, बारावीच्या पुस्तकातल्या 'हेन्री' एककाचे तेच) टाळ्या वाजवत भिंतीकडे सरकत गेले. सुमारे 30 फुटांवर आल्यावर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येईना. कान दोन आवाज एकत्र करतो, हे त्यांनी यंत्राशिवाय मोजलं आणि स्मिथसोनियनचं व्याख्यानगृह बांधताना वापरलंही. आज साउंडवाल्यांच्या तोंडी नाव मात्र हासचंच.

कॉन्सर्टच्या जाहिरातींना हे मिलिसेकंद दिसत नाहीत. त्यांना पडद्याचे पिक्सेल मोजायचे असतात. निरोगी डोळ्यालाही 100 मीटरवरून तीनेक सेंटिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. मागच्या स्टँडला '8 के' काय कामाचं?

उलट पडद्याची ढिलाई कामी येते. कॅमेऱ्यापासून एलईडी वॉलपर्यंत चित्र चार-पाच फ्रेम रेंगाळतं. सेकंदाला 50 फ्रेम धरल्या तर 80 ते 100 मिलिसेकंद. म्हणजे मंचापासून तीसेक मीटरवर ओठ आणि सूर फुकटात जुळतात. त्यामागे सूर मागे पडत जातो, पण विजेनंतर गडगडाट ऐकायची सवय असल्याने तो उशीर आपण बराच खपवून घेतो. खरी पंचाईत मंचाला खेटून उभ्या असलेल्यांची: त्यांना सूर आधी, पडद्यावरचे ओठ नंतर, आणि हा उलटा क्रम आपल्याला चटकन खटकतो. पण गायक समोर असताना पडद्याकडे बघतंय कोण!