टोळी सापडली, पण दरोडेखोरांची

पहिल्याच चाचणीत आम्ही ‘टोळी’ हा शब्द टाकला आणि संगणकानं दरोड्यांच्या बातम्यांची चळत पुढ्यात ठेवली. आम्हाला हवं होतं मोहाचं बी. गडचिरोली-चंद्रपूरकडं झाड मोहाचं, फूल मोहाचं, बी मात्र टोळी. तिचं तेल गाळतात. ‘चार’ टाकलं तेव्हा तर कहरच. चारोळीचं झाड राहिलं बाजूला, चार किलो, चार वाजता, चार बैल सगळे हजर!

काम होतं जैवविविधता नोंदवह्या शोधण्याजोग्या करण्याचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावागावांत समित्या आल्या, त्यांनी लिहायच्या या वह्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली होती. वह्यांत माहिती ठासून भरलेली. पण एकीत मोह, दुसरीत मोहफूल, तिसरीत मधुका इंडिका, चौथीत मधुका लाँजिफोलिया. झाड एकच.

मग ज्ञान-आलेखाचा, म्हणजे नॉलेज ग्राफचा, घाट घातला. गूगलनं २०१२ साली हीच वाट धरली होती: अक्षरं जुळवत बसायचं नाही, वस्तू ओळखायची. मोह हा एक ठिपका, त्याला हवी तितकी नावं चिकटवा, टोळी दुसरा ठिपका, मध्ये रेघ. छान वाटलं. फक्त घाईत आम्ही प्रत्येक रेघेवर ‘संबंधित’ एवढंच लिहिलं होतं. तेल कशाचं, असं विचारलं तर मोहावरून उडी मारून उत्तरात अस्वल आलं. मोहफुलं अस्वलाला आवडतात, म्हणजे तेही ‘संबंधित’च की!

गावातल्या एका आजोबांना पडद्यावरचं ते जाळं दाखवलं. ते हसले. “सोयरे म्हटले तर सगळेच सोयरे. मामा का जावई, ते सांगा ना.”

पुढचे कित्येक दिवस आम्ही रेघांना क्रियापदं देत होतो: वेचतात, गाळतात, खातं, पिकतं. खरी मेहनत तिथंच गेली, प्रोग्रॅम लिहिण्यात नाही. आता ‘मार्च-एप्रिलात फुलं वेचून झाल्यावर त्याच झाडापासून काय मिळतं?’ असं विचारलं की टोळी येते, तेल येतं. अस्वल जंगलातच राहतं.

काम आटोपलं म्हणून चहा सांगितला, तेवढ्यात कुणीतरी ‘ऐन’ टाकलं. त्या नावाच्या झाडाऐवजी आलं: ऐन उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, ऐन वेळी.