धावणाऱ्या कुत्र्याचा फाटलेला स्नायू

चेन्नई शहरात पहाटेची वेळ ही कुत्र्यांची वेळ होय. सूर्य वर येऊन समुद्रकाठची दमट हवा जड होण्यापूर्वी लोक आपापली कुत्री घेऊन मैदानाकडे किंवा पुळणीकडे निघतात. त्यांत एखादा सडपातळ, खोल छातीचा व लांब पायांचा कुत्रा दिसतो. हा चिप्पिपारै किंवा कन्नी जातीचा, दक्षिण तमिळनाडूच्या कोरड्या माळरानावर वाढलेल्या वंशाचा. सशांमागे धावण्यासाठी पूर्वी ही कुत्री पाळीत असत. महाराष्ट्रातील वाचकास त्याला पाहून आपल्या कारवानी कुत्र्याची, किंवा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचे नाव लाभलेल्या मुधोळ कुत्र्याची आठवण झाल्यास नवल नाही. शरीराची ठेवण एकच, आणि त्या ठेवणीबरोबर येणारा धोकाही एकच.

समजा, असा कुत्रा भरधाव धावता धावता वळण घेतो, एकदम कळवळतो आणि तीन पायांवर उभा राहतो. हाड मोडलेले नाही. परंतु मांडीच्या आतील बाजूस सूज चढू लागते. अशा वेळी मालकाने काय करावे? पहिल्या आठवड्यात त्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि पुढील दोन महिन्यांत त्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक, असे याचे उत्तर आहे.

शब्दांविषयी थोडेसे

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. प्राचीन वैद्यकग्रंथांत मांसाच्या पट्ट्यास ‘पेशी’ म्हटले आहे आणि ‘स्नायु’ हा शब्द बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्यांसाठी वापरला आहे. आजच्या मराठीत मात्र आकुंचन पावणारे मांस म्हणजे स्नायू, आणि पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. स्नायूस हाडाशी जोडते ती कंडरा. हाडास हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. स्नायूस रक्ताचा पुरवठा विपुल असतो, म्हणून तो तुलनेने लवकर भरून येतो. कंडरा व अस्थिबंध यांस फार अधिक काळ लागतो.

स्नायू का फाटतो?

या जातीची कुत्री दौडतात तेव्हा प्रत्येक झेपेत दोनदा त्यांचे चारही पाय जमिनीपासून सुटतात: एकदा शरीर पूर्ण ताणलेले असता, एकदा पाय पोटाखाली गोळा झाले असता. त्यांचा विलायती भाऊबंद ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. अशा दौडीत स्नायू आकुंचन पावत असतानाच बाहेरून ओढून लांब केला जातो, आणि हाच क्षण सर्वांत घातक असतो. अंग गरम न करता दौडविलेला, थकलेला किंवा निसरड्या जमिनीवर पाय घसरलेला कुत्रा या क्षणी जायबंदी होतो. शर्यतीच्या कुत्र्यांत मांडीच्या आतील लांबट, पातळ स्नायू आणि पुढील पायाचा खांद्यामागील स्नायू हे वारंवार फाटणारे होत.

आत काय घडते?

फाटलेल्या जागी प्रथम रक्त साकळते व सूज येते. मग भक्षक पेशी येऊन मेलेल्या तंतूंचा निचरा करतात. त्याच सुमारास स्नायुतंतूंच्या कडेला निजलेल्या काही राखीव पेशी जाग्या होऊन वाढू लागतात व नवे तंतू घडवितात. या उपग्रह पेशींचे वर्णन अलेक्झांडर मौरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूवरून केले. परंतु त्यांच्याबरोबर दुसरे कामही चाललेले असते: जोडणाऱ्या धाग्यांचा व्रण तयार होतो. हा व्रण आवश्यक आहे, कारण तोच फाटलेली टोके धरून ठेवतो. पण तो आखडतो, ताणला जात नाही. स्नायू फार लवकर राबविला तर कोवळा व्रण पुन्हा फाटतो; फार काळ निश्चल ठेवला तर व्रण माजतो, स्नायू रोडावतो आणि पायाची चाल कायमची आखूड होते. उपचाराचे सारे शास्त्र या दोन चुकांच्या मधून वाट काढण्यात आहे.

पहिले दिवस

पहिले दोन-तीन दिवस कुत्र्यास लहान जागेत ठेवावे. बर्फ फडक्यात गुंडाळून दुखऱ्या जागी दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धरावा. उघडा बर्फ कातडीस लावू नये. या काळात शेक व मालिश वर्ज्य समजावे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. घरातील गुळगुळीत फरशी हा जखमी पायाचा शत्रू आहे. तिच्यावर गोणपाट किंवा काथ्याची चटई अंथरावी.

घरातील माणसांच्या गोळ्या कुत्र्यास कदापि देऊ नयेत. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉल यकृतास घातक ठरू शकते. वेदनाशामक औषध पशुवैद्याने सांगितलेलेच द्यावे.

पशुवैद्याकडे विलंब न करता जावे. स्नायू किंचित ताणला आहे, काही अंशी फाटला आहे की पूर्ण तुटला आहे, हे हाताने चाचपून व ध्वनिलहरींच्या तपासणीने ठरते. पूर्ण तुटलेल्या स्नायूस शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती लवकर केलेली बरी. भूल द्यावयाची असल्यास कुत्र्याची जात अवश्य सांगावी. ग्रेहाउंडसारख्या कृश कुत्र्यांना थायोपेंटोनच्या भुलीतून सावरण्यास इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो. चेन्नईत या विद्येची परंपरा जुनी आहे: मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ साली सुरू झाले, आणि १९८९ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचा ते आज भाग आहे.

चालण्याचा क्रम

सूज उतरल्यावर पशुवैद्याच्या संमतीने साखळी लावून पाच-पाच मिनिटे संथ चालवावे. संथ म्हणजे प्रत्येक पाऊल जमिनीवर टेकेल इतके संथ. घाईने चालविल्यास कुत्रा दुखरा पाय उचलून घेतो व शिकावयाचे ते शिकत नाही. चालण्यापूर्वी आता कोमट शेक चालेल. दर आठवड्यास वेळ थोडा वाढवावा, पुढे सौम्य चढण घ्यावी. सोय असल्यास पाण्यातील व्यायाम उत्तम, कारण पाणी वजन पेलते व स्नायूस काम देते. मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम्’च्या दिवसांत हे सारे पहाटेच उरकावे, तापलेले डांबर तळपाय भाजते.

सर्वांत कठीण काळ दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. वेदना थांबते, कुत्रा दाराशी शेपूट हलवीत उभा राहतो आणि मालकास वाटते, बरा झाला. वेदना थांबणे म्हणजे स्नायू भरणे नव्हे. या दिवशी साखळी सोडणारा मालक बहुधा पुन्हा पहिल्या दिवसावर येतो, आणि दुसऱ्यांदा फाटलेल्या स्नायूत व्रण अधिक माजतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, मापपट्टी घ्यावी. दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर मोजून दर आठवड्यास लिहून ठेवावा. दुखऱ्या मांडीचा घेर दुसरीच्या बरोबरीस येत नाही आणि चालण्यातील लंगडेपणा पूर्ण जात नाही, तोवर दौड नाही. मध्यम दुखापतीस सामान्यतः सहा ते आठ आठवडे लागतात. मोठ्या दुखापतीस काही महिने.

भारतीय टपाल खात्याने २००५ साली राजपाळयम् व मुधोळ या जातींची तिकिटे काढून देशी कुत्र्यांचा गौरव केला. अशा कुत्र्याच्या मालकाने सहा आठवडे साखळी हाती धरून संथ चालण्याचा कंटाळा न केल्यास, धावण्यासाठीच जन्मलेला तो प्राणी पुन्हा एका पहाटे पुळणीवर चारही पायांनी झेप घेईल.